कोऱ्या हातांचा हेवा

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की आमच्या शिवाजी पेठेत माणसं हळू बोलायचं विसरतात. थंडी अजून पुरती गेलेली नसते, बोळात ऊन उतरायला अवकाश असतो, आणि तरी चहाच्या टपरीवर कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर धावून गेलेलं असतं, कारण काल रेफरीनं पेनल्टी दिली नाही. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचेच, त्यामुळे तालमीबाहेर धुतलेल्या जर्सी वाळत पडतात. दुचाक्यांना झेंडे लागतात. मी सुट्टीवर घरी आलो आहे, गॅलरीत उभा राहून चहा पितो आहे, आणि खालचा कालवा ऐकताना मला दोन वर्षांमागचा हंगाम आठवतो आहे. त्या हंगामात मी शिकत होतो. केस पिकायला लागल्यावर, बारावीच्या पोरासारखा, भिंतीकडे तोंड करून. आणि एका पोरीवर जळत होतो.

मी वैमानिक आहे. त्यातही डाव्या खुर्चीतला, म्हणजे कॅप्टन. पेठेत मला नावानं कुणी हाक मारत नाही, लहानथोर सगळे कॅप्टनच म्हणतात. इतकी वर्षं मी एकाच अमेरिकी बनावटीचं विमान उडवलं. मग आमच्या कंपनीनं ती सगळी विमानं परत करून युरोपातली, दुसऱ्याच कारखान्याची विमानं आणायचं ठरवलं, आणि आम्हाला सांगितलं की आता ही शिका. वर्ग करा, सिम्युलेटरवर परीक्षा द्या. पास झालात तर डावी खुर्ची तुमची. नाही झालात तर उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून बसा. म्हणजे पेठेनं मला काय म्हणायचं, हाच प्रश्न होता.

पेठेला मात्र यात प्रश्नच दिसत नव्हता. "विमान त्ये विमानच की!" शेजारचे गवळीकाका म्हणाले. "स्कूटर सोडून मोटरसायकल घेतली तर काय नव्यानं चालवाय शिकतोय व्हय माणूस?"

मी हसलो. समजावून सांगायचा कंटाळा आला होता, आणि खरं तर मलाही आतून तसंच वाटत होतं.

जुन्या विमानात माझ्या पुढ्यात एक चाक होतं, वरून कापून टाकलेल्या स्टिअरिंगसारखं. दोन्ही वैमानिकांची चाकं आतून जोडलेली. उजवीकडच्यानं हलवलं की माझंही हलायचं. सहवैमानिक विमान उतरवत असला की मी चाकावर बोटं नुसती टेकवून बसायचो, आणि तो घाबरलाय की निवांत आहे, ते मला बोटांतून कळायचं. इंजिनांचे दांडे आपोआप पुढंमागं सरकायचे, त्यांच्यावर हात ठेवला की विमान काय करतंय ते न बघता समजायचं. डाव्या अंगठ्याखाली एक बटण होतं. ते दाबलं की गुडघ्याजवळचं मोठं चक्र खडखड फिरायचं आणि विमानाच्या नाकाचा तोल सावरायचा. तो खडखडाट मला आवडायचा. घरात कुणीतरी कामाला आहे असं वाटायचं.

नव्या विमानात चाकाच्या जागी जेवायचं टेबल आहे. थट्टा नाही, खरंच. पुढ्यातून ओढून काढायचं, घडीचं. त्यावर ताट ठेवून जेवता येतं. विमान चालवायची दांडी खिडकीच्या बाजूला कोपऱ्यात, जेमतेम वीतभर. इंजिनांचे दांडे एका खाचेत ढिम्म बसून राहतात आणि इंजिनं आतल्या आत आपलं काय ते करतात. नाकाचा तोल विमान स्वतः सांभाळतं, आवाज न करता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझी दांडी आणि सहवैमानिकाची दांडी एकमेकींना ओळखत नाहीत. त्यानं त्याची कितीही हलवली तरी माझी थंड. दोघांनी एकदम हलवल्या तर विमान दोन्हींची बेरीज करतं, आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं ओरडतं, "ड्युअल इनपुट!" एका कामात दोघांचे हात आहेत, असं.

वर्ग संपवून सिम्युलेटरची तारीख मिळेपर्यंत मी घरी आलो. दुसऱ्याच दिवशी माझी बायको, वैशाली, चहा देताना म्हणाली, "अहो, अंगठा हलतोय तुमचा."

हलत होता. कपाच्या कानावर डावा अंगठा वर-खाली, वर-खाली. तिथं नसलेलं बटण दाबत होता. मग मला तो सगळीकडे दिसायला लागला. भाजीची पिशवी धरली तरी, देवळात रांगेत उभा राहिलो तरी. इतक्या वर्षांचं शिक्षण त्या अंगठ्यात जाऊन बसलं होतं आणि घर सोडायला तयार नव्हतं.

वैमानिकांची एक जुनी रीत आहे. सिम्युलेटर महाग, वेळ थोडा, म्हणून कॉकपिटची मोठाली कागदी चित्रं भिंतीवर चिकटवायची, समोर दोन खुर्च्या मांडायच्या, आणि कागदावरच्या बटणांवर बोटं ठेवत सगळा क्रम पाठ करायचा. आमच्या माडीवरच्या खोलीत कपाट सरकवून मी ते कॉकपिट लावलं. वरची बटणं छताखाली, पडद्यांची चित्रं समोर, मधला भाग एका स्टुलावर. आबा, म्हणजे माझे वडील, जिना चढून बघायला आले. बराच वेळ बघून म्हणाले, "आन् ह्याला पंखं कुटं हायती?"

प्रशिक्षणात जोड्या लावतात, एक कॅप्टन, एक सहवैमानिक. माझ्या वाट्याला आलेली जोडीदार स्नेहल आमच्या जवळच्याच कोडोली गावची निघाली. घरी म्हशी, ऊस, दुधाचा धंदा. वय चोवीस-पंचवीस. लायसन नुकतंच मिळालेलं, मोठं विमान तिच्या आयुष्यातलं हेच पहिलं. म्हणजे तिला काही विसरायचं नव्हतं. तिचे हात कोरे होते.

ती सकाळच्या एसटीनं यायची. पहिल्या दिवशी डब्यातून खरवस घेऊन आली आणि आबांना तिनं तिथंच जिंकलं. मग आबा रोज दिवाणावर बसून आमचा सराव बघायला लागले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वैशालीनं शाळेत शिकवायला जाण्याआधी कागदावरून एकेक नाव वाचायचं आणि आम्ही दोघांनी त्या त्या बटणावर बोट ठेवायचं, एवढं त्यांना पुरेसं होतं. कुणाचं बोट आधी जातंय ते ते बघायचे आणि फुटबॉलच्या मॅचसारखे ओरडायचे.

"गोल! कोडोली आघाडीवर!"

"आबा, ही स्पर्धा नाही," मी म्हणायचो.

"व्हय, त्ये दिसतंयच की. स्पर्धा असती तर तू घरला गेला असतास."

स्नेहल ओढणीत तोंड लपवून हसायची. माझा हात जुन्या जागेकडे निघाला की तिला आधी कळायचं. "सर, तिथं काय न्हाय. परत तिकडंच गेलासा." हे ती कुचेष्टेनं म्हणत नव्हती, आणि म्हणूनच झोंबायचं. तिचं बोट सरळ जायचं. मध्ये कुठं थबकणं नाही, आठवणं नाही. माझं बोट निघायचं, जुन्या घराच्या दारापर्यंत जायचं, तिथं कुणी राहत नाही हे कळलं की परत फिरायचं, आणि मग नव्या पत्त्यावर पोचायचं. तोवर दिवाणावरून गोल झालेला असायचा.

मला तिचा हेवा वाटत होता. उगाच दुसरं नाव कशाला देऊ? तिच्या वयाचा नव्हे, तिच्या हुशारीचाही नव्हे. हुशार सहवैमानिक मी पुष्कळ पाहिले होते, आणि त्यांना शिकवताना मला बरंच वाटायचं. हेवा होता तो तिच्या कोरेपणाचा. आयुष्यभर जे कमावलं तेच आपल्या वाटेत आडवं यावं आणि जिच्याकडं काहीच नाही तिनं पुढं निघून जावं, याचा राग यायचा. ती निघून गेल्यावर मी एकटाच त्या कागदासमोर बसायचो आणि तिच्याएवढ्या वेगानं बोट टेकवायचा प्रयत्न करायचो. एकदा इतक्या जोरात टेकवलं की कागद फाटला. वैशालीनं चिकटपट्टी लावली.

त्याच दिवसांत आबांनी मला ओढून मॅचला नेलं. आमच्या तालमीचा एक चांगला खेळाडू त्या वर्षी दुसऱ्या पेठेच्या संघात गेला होता. आमच्याकडे हे सहज घेत नाहीत. तो मैदानात उतरला तेव्हा आमच्या बाजूनं जे शब्द गेले ते लिहिण्यासारखे नाहीत. खेळ सुरू झाला. दहाएक मिनिटांत चेंडू त्याच्याकडे आला, मागून कुणीतरी अंगावर आलं, आणि त्यानं न बघता, झटक्यात, उजवीकडे पास दिला. नेमका. सुंदर. आमच्या विंगरच्या पायात. वर्षानुवर्षं त्याच जागी त्याच पोराला देत आला होता, तसाच.

सगळं स्टेडियम फुटलं. तो डोकं धरून मैदानात खाली बसला.

"आला बघ घरला!" आबा उभे राहून ओरडले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हस की रं!"

मला काही हसू आलं नाही. तो पोरगा उठला, पँट झटकली आणि पुन्हा धावायला लागला. त्यानंतर चेंडू पायात आला की तो आधी मान वर करून जर्सीचा रंग बघायचा आणि मग पास द्यायचा. तेवढ्या वेळात समोरचा पोचायचा. चांगला खेळाडू होता, त्या दिवशी साधा दिसला. मी त्याच्याकडेच बघत राहिलो.

मग दिल्लीजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर सुरू झाला. बंद खोलीत पायांवर उभं असलेलं खोटं विमान, पण आत बसलं की घाम खराच येतो. पहिले दिवस बरे गेले. अंगठा अजून हलायचा, पण इंजिन बंद पडणं, आग लागणं, हे सगळं मी निभावून नेलं. माझी लँडिंग बरी होत होती. बरी, एवढंच. हात लावून न लावल्यासारखं करायचं असतं त्या दांडीला. मी ती जुन्या चाकासारखी वळवायचो आणि विमान डुलायचं. प्रशिक्षक, हवाई दलातून निवृत्त झालेले एक शांत गृहस्थ, मागून म्हणायचे, "छोड दीजिए कॅप्टन, वो खुद संभाल लेगा." आणि दांडी सोडली की विमान खरंच सरळ व्हायचं. याच्याएवढा अपमान मला कुणी माणसानं केला नव्हता.

त्या दिवशी लँडिंग स्नेहलचं होतं. बाजूचा वारा प्रशिक्षकांनी मुद्दाम वाढवून दिला होता. ती धावपट्टीकडे विमान तिरकं धरून येत होती, जसं यायला हवं तसं. पन्नास फूट, चाळीस. नाक वळवलं, सरळ केलं. आता फक्त टेकायचं.

"ड्युअल इनपुट!"

विमान ओरडलं. स्नेहल दचकली. नाक वर गेलं, मग आपटलं. प्रशिक्षकांनी सिम्युलेटर थांबवला.

"मी हात लावलेला नाही," मी म्हणालो. आणि मला तसंच वाटत होतं, देवाशपथ.

त्यांनी तेच लँडिंग तिला पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही. मग बाहेरच्या खोलीत पडद्यावर त्यांनी तीनही लँडिंग पुन्हा दाखवली. तिच्या दांडीची एक रेघ, माझ्या दांडीची दुसरी. माझी रेघ सपाट, सपाट, आणि शेवटच्या क्षणी एक उंचवटा. "पुरानी आदत है," ते म्हणाले. "सब कॅप्टनों की होती है. लेकिन परीक्षा में एक भी चला गया तो मैं साइन नहीं कर सकता." खोलीतल्या सगळ्यांनी ते सवयीवर ढकललं, आणि मीही मान डोलावली.

पण मी त्या रेघा बघत होतो. पहिल्या दिवशी तिनं एक लँडिंग बिघडवलं होतं, खूप उंचावरूनच नाक उचललं होतं. तेव्हा माझा हात मांडीवर होता, विमान ओरडलं नव्हतं. आज ती तिन्ही वेळा बिनचूक करत होती, तेव्हा हात उठला. ती चुकत असताना माझा हात शांत बसतो आणि बरोबर करत असली की तो मध्ये जातो. याला सवय म्हणत नाहीत. हे मी तिथं बोललो नाही, अजूनही कुणाला सांगितलेलं नाही. जळफळाट पोटात असतो असं मी समजत होतो. तो माझ्या डाव्या मनगटात होता, आणि तिथून त्याचा आलेख काढता येत होता.

बाहेर आल्यावर स्नेहलनं कँटीनमधून दोन चहा आणले. "सर, माझं काय चुकत होतं का? तुम्ही सावरत होतासा ना?"

ती खरंच विचारत होती. तिला वाटलं होतं मी तिला वाचवतोय.

"नाही," मी म्हणालो. "तुझं काही चुकत नव्हतं." एवढंच जमलं.

परीक्षेच्या दिवशी मी डावा हात मांडीखाली दाबून बसलो नाही एवढंच. तळवा मांडीवर पालथा ठेवला आणि तिचं लँडिंग होईपर्यंत त्याच्याकडे अर्धा डोळा ठेवला. विमान काही ओरडलं नाही. प्रशिक्षकांनी सही केली, हात मिळवला. डावी खुर्ची राहिली. पेठेत पेढे वाटले. गवळीकाका म्हणाले, "मी म्हनालोच हुतो, विमान त्ये विमानच!" आबांनी फोन करून स्नेहलला वेगळे पेढे पाठवायची व्यवस्था केली, अर्धा किलो जास्त.

पास झालो, पण तो हेवा काही नापास झाला नाही. त्यानं फक्त रीत बदलली. काही महिन्यांनी मला, सहवैमानिकांना खरं विमान उतरवू द्यायची परवानगी मिळाली. द्यायचं की नाही, हे कॅप्टनच्या मर्जीवर असतं. मी देत नव्हतो. आज वारा आहे, आज धावपट्टी ओली आहे, आज उशीर झालाय. कारणं खरी असायची, हीच सोय होती. पोरं निमूट मान हलवायची. विमान मला आवडायला लागलं होतं, अंगठाही थांबला होता. त्या टेबलावर मी जेवायला शिकलो होतो. पण उजवीकडचा कोरा हात दांडीकडे निघाला की माझं मनगट जागं व्हायचं, आणि ते पुन्हा पकडलं जाण्यापेक्षा, लँडिंग मीच करतो, हे म्हणणं सोपं होतं.

इतके दिवस स्नेहल आणि मी एका विमानात कधी आलो नव्हतो. सुट्टी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आलो. बेंगळुरूहून पुणे, भर दुपारचं. तिचा आवाज आता स्थिर झाला होता, कामात सफाई आली होती. वर गेल्यावर आम्ही कोडोलीच्या म्हशी, आबांचा गुडघा, यंदा कुठली तालीम जोरात आहे, असलं सगळं बोललो. मग ढगांतून खाली यायची वेळ झाली. पुण्याला वारा होता, आडवा, झटके देणारा. माझं कारण तयार होतं.

तिनं समोर बघतच विचारलं, "सर, लँडिंग द्याल?"

मी वाऱ्याचे आकडे पुन्हा वाचले. तिला चालण्याजोगे होते. अगदी काठावर, पण चालण्याजोगे. नाही म्हणालो असतो तर कुणीही मला बोल लावला नसता, तिनंही नाही.

"घे," मी म्हणालो.

उन्हात तापलेल्या टेकड्यांवरून हवा वर उसळत होती. विमान हिंदकळत होतं. ती दांडी दोन बोटांनी धरून होती, जास्त नाही, कमी नाही. मी तळवा मांडीवर ठेवला. पन्नास. माझ्या मनगटात काहीतरी उठलं, मला स्पष्ट कळलं उठल्याचं. चाळीस. तिनं नाक वळवलं. तीस. आत सगळं ओढत होतं, जणू कुणी माझ्या ताटातला घास उचलत होतं. वीस. मी हात तिथंच ठेवला. विमान टेकलं ते मागच्या लोकांना कळलंही नसेल.

"छान," मी म्हणालो.

उतारू उतरताना मी दारात उभा राहिलो. स्नेहल मागं कॉकपिटच्या तोंडाशी कागदं आवरत होती. पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे माझ्यापाशी थांबले, माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या बघितल्या आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"पावणं, वर हवेत जीव गेलता आमचा. पर उतरवलं मातूर लोण्यावानी! तुमीच न्हवं?"

स्नेहलनं वर बघितलं नाही. ती कागदांतच होती. तिनं काही म्हटलं नसतं, हे मला ठाऊक होतं. मागं रांग खोळंबली होती, नुसतं हसून हात जोडले असते तरी भागलं असतं.

"मी न्हाय," मी म्हणालो. "हिनं उतरवलं."

"व्हय?" म्हातारे मला बाजूला सारून पुढं झाले. "कुनाची गं तू पोरी? कुठली?"

"कोडोलीची, आजोबा."

"आरं तिच्या! आमी कागलचं!" आणि त्यांनी तिथंच ठाण मांडलं. घरी कोण कोण, जमीन किती, आई काय म्हणते, एवढं मोठं धूड हाकताना भ्या वाटत न्हाय व्हय. रांगेतले लोकही मान वर करून तिच्याकडे बघायला लागले. एका बाईनं तिच्याबरोबर फोटो काढला आणि मला फोन धरायला दिला. स्नेहल लाजून लाल झाली होती, हसत होती. मी फोटो काढला, दोन काढले.

ते लँडिंग मी तेव्हापासून मनात पुन्हा पुन्हा करून बघितलं आहे. अगदी आत्ता, या गॅलरीतही. वाऱ्याचा झटका, नाक वळवणं, शेवटचे वीस फूट. त्यात मला एकही चूक सापडलेली नाही, आणि मी कसून शोधली आहे.